माप तोंडाचे, हिशेब पाण्याचा
(एका जुन्या जलग्रंथाचे परीक्षण)

नळाला पाणी कमी आले की आपल्या गावांत पहिला संशय जातो तो चावीवाल्यावर. त्याने खालच्या आळीची चावी जास्त फिरवली, वरच्या आळीची कमी फिरवली, कुणाकडून तरी चहापाणी घेतले, असे लोक ठामपणे सांगतात. आम्ही राहतो त्या गावातही काही वर्षांपूर्वी असेच झाले. वरच्या आळीने सह्यांचा अर्ज दिला, चावीवाल्याची बदली झाली, नवा माणूस आला आणि वरच्या आळीचे पाणी होते तितकेच राहिले. शेवटी आम्ही नववीच्या मुलांना बादली आणि घड्याळ देऊन दोन्ही आळ्यांत पाठवले. खालच्या आळीतल्या पहिल्या घरी १५ लिटरची बादली ५० सेकंदांत भरली. वरच्या आळीतल्या शेवटच्या घरी तीच बादली भरायला अडीच मिनिटे लागली. दोन्ही घरांची जोडणी अर्धा इंची होती आणि दोन्ही घरांची पाणीपट्टीही सारखीच होती. चावी दोन्ही आळ्यांना एकच होती, ही गोष्ट मात्र अर्जावर सही करणाऱ्यांपैकी कुणाच्याही लक्षात आली नव्हती.

हा प्रसंग आठवण्याचे कारण म्हणजे नुकतेच आम्ही पुन्हा वाचलेले एक पुस्तक. ते सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे आहे. पुस्तकात रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब आहे, आणि लेखक आहे त्या खात्याचा प्रमुख सेक्स्टस यूलियस फ्रॉन्टिनस. शहराचा पाणीपुरवठा केवळ उतारावर कसा चालतो हे समजून घ्यायला याच्याइतके चांगले जुने पुस्तक सापडणे कठीण. एक प्रामाणिक अधिकारी चुकीच्या मापामुळे माणसांवर चुकीचा आरोप कसा करू शकतो, हेही या पुस्तकात दिसते. विज्ञानाच्या शिक्षकाने ते वाचावे असे आम्हांला वाटते ते या दुसऱ्या कारणासाठी.

लेखक आणि पुस्तक

फ्रॉन्टिनस हा सेनापती आणि प्रशासक. ब्रिटन प्रांताचा तो राज्यपाल होता. इ. स. ९७ मध्ये सम्राट नेर्वाने त्याला रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख नेमले. पुस्तकाच्या आरंभी तो आपला हेतू सांगतो. हाताखालच्या लोकांच्या सल्ल्यावर खाते चालवणे अधिकाऱ्याला शोभत नाही, म्हणून सगळी माहिती स्वतः गोळा करून त्याने आधी स्वतःच्याच उपयोगासाठी लिहून काढली. नव्या जागी रुजू झाल्यावर दप्तर उघडून बसणारा हा माणूस आपल्याला आवडू लागतो.

पुस्तक पुढे जवळजवळ विस्मरणात गेले. इटलीतल्या माँटे कॅसिनो मठात १४२९ मध्ये त्याचे हस्तलिखित पोज्जो ब्राचोलिनी या विद्वानाला सापडले. इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन जल-अभियंत्याने प्रसिद्ध केले. हा हर्शेल म्हणजे नळातले वाहते पाणी मोजणाऱ्या व्हेंचुरी मीटरचा जनक. पाणी मोजण्याचे नेमके साधन ज्याच्याजवळ नव्हते त्या लेखकाला असे साधन घडवणारा भाषांतरकार मिळाला.

पुस्तकात १३० च्या आसपास छोटी प्रकरणे आहेत. रोमच्या नऊ जलवाहिन्या, त्या कुणी आणि केव्हा बांधल्या, त्यांची लांबी, त्यांची उंची, नळांची २५ ठरावीक मापे, कोणाला किती पाणी दिले जाते, चोऱ्या कशा होतात, कायदे काय आहेत, असा मजकूर आहे. अलंकारिक भाषा जवळजवळ नाही. पिरॅमिडांपेक्षा आणि ग्रीकांच्या नामांकित पण निरुपयोगी वास्तूंपेक्षा आपल्या जलवाहिन्या श्रेष्ठ, असा एक अभिमानाचा उद्गार तेवढा येतो, आणि लगेच लेखक आकड्यांकडे वळतो.

उतारावर चालणारे शहर

रोमच्या जलवाहिन्या म्हटले की कमानींची रांग डोळ्यांपुढे येते. पाठ्यपुस्तकांतली चित्रेही तशीच असतात. फ्रॉन्टिनसचे आकडे हा समज खोडून काढतात. इ. स. पूर्व ३१२ ची आप्पिया ही पहिली वाहिनी सुमारे साडेसोळा किलोमीटर लांब, पण तिचा जमिनीवरचा भाग जेमतेम ९० मीटर. इ. स. पूर्व १४४ ची मार्किया सुमारे ९१ किलोमीटर, आणि त्यातली ८० किलोमीटर जमिनीखालून. रोमचे पाणी मुख्यतः डोंगराच्या कडेकडेने, जमिनीखालच्या झाकलेल्या दगडी पाटातून येत असे. कमानी लागत त्या शहराजवळच्या सखल मैदानात. तिथे पाट जमिनीबरोबर खाली उतरला असता तर शहरातल्या टेकड्यांपर्यंत पोहोचण्याची उंची हातची गेली असती.

उंची हेच अशा योजनेचे भांडवल असते. झऱ्यापाशी जेवढी उंची मिळाली त्यातली काही पाट आणि पाणी यांच्या घर्षणात खर्च होते, उरलेली शहरात दाब म्हणून वापरता येते. उतार फार दिला तर भांडवल वाटेतच संपते आणि जोराच्या पाण्याने पाट झिजतो. फार कमी दिला तर गाळ बसतो. जुन्या अभियंत्यांनी हा तोल किती बारकाईने सांभाळला याचे एक उदाहरण फ्रान्समधील नीम शहराच्या रोमन वाहिनीचे आहे. सुमारे ५० किलोमीटर अंतरात तिची एकूण उतरण जेमतेम साडेबारा मीटर, म्हणजे दर किलोमीटरला २५ सेंटीमीटर. शाळेच्या १०० मीटरच्या मैदानावर हा उतार काढायचा तर एक टोक दुसऱ्यापेक्षा फक्त अडीच सेंटीमीटर खाली ठेवावे लागेल.

फ्रॉन्टिनस नऊ वाहिन्या उंचीच्या क्रमाने लावतो. सर्वांत उंच आनियो नोवुस, तिच्याखाली क्लाउदिया, आणि सर्वांत खाली आल्सिएतिना. जुन्या वाहिन्या खालून का आणल्या याची दोन कारणे तो सुचवतो. तेव्हा पातळी काढण्याची कला पक्की नव्हती, किंवा शत्रूला दिसू नये म्हणून मुद्दामच त्या खोल नेल्या. मात्र लांबीचे आकडे इतके तपशीलवार देणारा हा लेखक उताराचे गणित कुठेच मांडत नाही. अभियंत्याच्या दृष्टीने पुस्तकातली ही पहिली मोठी उणीव.

शहरात आलेले पाणी वाटपकुंडांत जाई. फ्रॉन्टिनसने अशी २४७ कुंडे मोजली आहेत. तिथून शिशाच्या नळांनी ते हौदांना, स्नानगृहांना, सरकारी इमारतींना आणि परवाना असलेल्या खासगी घरांना मिळे. सार्वजनिक हौदच ५९१ होते. आपल्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटू नये. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात आणलेले पाणी असेच झाकलेल्या पाटातून, उताराने, पेठांतल्या हौदांत पडत असे. हौदापाशी घागर भरणाऱ्याला यंत्र लागत नाही, इंधन लागत नाही. वरून खाली येणारे पाणी अखंड वाहते आणि भरून सांडलेले पुढे जाते.

या सांडलेल्या पाण्याचे पुढे काय होई, हेही फ्रॉन्टिनस सांगतो. ते रोमच्या गटारांत जाई आणि गटारे धुऊन काढी. म्हणूनच सांडणारे पाणी परवानगीशिवाय कुणी उचलू नये असा सम्राटाचा हुकूम होता. या एका नोंदीत शहराची अर्धी स्वच्छता आली आहे. गटारात पाणी दाबाने वाहत नाही. नळ अर्धवट भरलेला असतो आणि त्यातले पाणी निव्वळ उतारावर जाते. त्याचा वेग फार कमी झाला की मैला तळाशी बसू लागतो. आजचे अभियंते मलवाहिनीत सेकंदाला निदान ६० सेंटीमीटरच्या आसपास वेग राहील असा उतार धरतात, तो यासाठीच. सपाट शहरात असा उतार देत गेले की वाहिनी खोल खोल जाते आणि कुठेतरी पंप लावून मैलापाणी वर उचलावे लागते. रोमला टेकड्या होत्या, तळाशी टायबर नदी होती आणि वरून अखंड पाणी होते. तिथे आणलेले पाणी आणि घालवलेले पाणी या एकाच उताराच्या दोन पायऱ्या होत्या. आपल्या पुस्तकांत ‘पाणीपुरवठा’ एका धड्यात आणि ‘सांडपाणी’ दुसऱ्या धड्यात येते, त्यामुळे हा संबंध मुलांना दिसतच नाही.

गटारांतून नदीत गेलेल्या घाणीबद्दल मात्र पुस्तकात एक शब्दही नाही. टायबरच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना काय भोगावे लागले असेल, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. पुस्तकातल्या शहराची हद्द नदीच्या काठाशी संपते.

क्विनारिया

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. फ्रॉन्टिनस पाणी मोजतो ते क्विनारिया या मापाने. क्विनारिया म्हणजे सव्वा अंगुळ व्यासाचा नळ. रोमन अंगुळ हा रोमन फुटाचा १६ वा भाग, म्हणून हा व्यास आपल्या मापाने सुमारे २.३ सेंटीमीटर, एक इंची नळापेक्षा किंचित कमी. एखाद्याला ५ क्विनारिया पाणी मंजूर झाले म्हणजे पाच क्विनारियांच्या तोंडाइतक्या क्षेत्रफळाचा नळ मंजूर झाला. लिटर नाही, तास नाही, वेग नाही. निव्वळ तोंडाचे क्षेत्रफळ.

आप्पिया वाहिनीचे पाणी त्याने कसे मोजले ते पुस्तकात आहे, आणि हा हिशेब आठवीतल्या मुलालाही करून पाहता येईल. पाटात पाण्याची खोली ५ फूट, रुंदी पावणेदोन फूट. काटछेदाचे क्षेत्रफळ पावणेनऊ चौरस फूट. एका चौरस फुटात १६ × १६ = २५६ चौरस अंगुळे, म्हणून एकूण २२४० चौरस अंगुळे. क्विनारियाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १.२२७ चौरस अंगुळ. आता २२४० ला १.२२७ ने भागा. उत्तर येते १८२५, आणि फ्रॉन्टिनसच्या पुस्तकातही नेमका हाच आकडा आहे.

गणित निर्दोष आहे. फक्त त्यात पाणी वाहते आहे ही गोष्ट कुठेच आलेली नाही. त्या पाटातले पाणी थांबलेले असते तरी उत्तर १८२५ च आले असते.

यातून काय होते ते एका साध्या उदाहरणाने पाहू. एका पाटातून सेकंदाला १२०० घन सेंटीमीटर, म्हणजे १.२ लिटर पाणी जात आहे. जिथे उतार कमी आहे तिथे वेग सेकंदाला ३० सेंटीमीटर, म्हणून पाण्याचा काटछेद ४० चौरस सेंटीमीटर. पुढे उतार वाढतो, वेग ६० सेंटीमीटर होतो, काटछेद २० वर येतो. वाटेत एक थेंबही कुणी घेतलेला नाही. तरी तोंडे मोजणाऱ्याच्या वहीत ४० आत आले आणि २० बाहेर गेले. निम्मे पाणी नाहीसे झाले! मग ते कुणी नेले याचा शोध सुरू होतो.

चोरी आणि चोरीचा आकडा

फ्रॉन्टिनसच्या बाबतीत असेच काहीसे घडले असावे. रुजू झाल्यावर त्याने दप्तर तपासले. जमेकडे १२,७५५ क्विनारिया, खर्चाकडे १४,०१८. आले त्यापेक्षा १,२६३ जास्त वाटले गेले, हे पाहून तो चकित झाला आणि त्याने वाहिन्यांच्या मुखाशी जाऊन स्वतः मापे घेतली. तेव्हा उलटाच प्रकार दिसला. दप्तरातल्या जमेपेक्षा सुमारे १० हजार क्विनारिया पाणी जास्त येत होते. एकट्या मार्कियाच्या नावावर दप्तरात २,१६२ होते, त्याच्या मापात ४,६९० भरले. मग इतके पाणी जाते कुठे? खात्याच्या नोकरांच्या चोरीत, हे त्याचे मुख्य उत्तर.

चोरी होत होती यात शंका नाही, आणि त्याने दिलेले काही पुरावे वेगावर अवलंबून नाहीत. खात्याच्या नोकरांनी २५ मापांपैकी चारांत फेरफार केले होते. पाणी वाटायचा २० नंबरचा नळ त्यांनी लहान केला होता, आणि पाणी घ्यायचे १०० व १२० नंबरचे नळ मोठे केले होते. देताना एक माप, घेताना दुसरे. परवाना नव्या माणसाकडे गेला की कुंडाला नवे भोक पाडायचे आणि जुन्या भोकातले पाणी परस्पर विकायचे, ही आणखी एक युक्ती. रस्त्यांच्या फरसबंदीखाली चोरनळ सापडले. हे सगळे त्याने उघडकीला आणले याबद्दल त्याला श्रेय द्यायलाच हवे.

पण १० हजारांचा आकडा या पुराव्यांतून आलेला नाही. तो मुखाशी घेतलेली क्षेत्रफळे आणि दप्तरातले आकडे यांच्या वजाबाकीतून आला. मुखाशी रुंद पाटातले संथ पाणी मोजायचे, शहरात कुंडाच्या दाबाखाली जोराने सुटणारे नळ मोजायचे, आणि दोन्हींच्या तोंडांची वजाबाकी करायची, तर चोर नसतानाही तूट निघू शकते. त्या १० हजारांत काही भाग चोरीचा, काही गळतीचा आणि काही निव्वळ मापाचा असला पाहिजे. क्विनारियाच्या हिशेबात हे भाग वेगळे करण्याची सोयच नाही.

नवल म्हणजे वेगाने पाणी वाढते हे फ्रॉन्टिनसला ठाऊक होते. उंचावरून जवळच्या अंतराने आलेले पाणी नळाच्या मापापेक्षा जास्त भरते आणि दुरून, सखल जागेहून आलेले कमी भरते, असे तो लिहितो. कुंडाला नळ एका ओळीत, सारख्या पातळीवर लावा, कारण खालचा नळ जास्त ओढतो, असेही तो बजावतो. विर्गो वाहिनीच्या मुखाशी पाणी फार संथ आहे म्हणून त्याने शहराजवळ, जिथे ते वेगाने वाहते तिथे माप घेतले. तिथे २,५०४ क्विनारिया भरले आणि वाटपही २,५०४ चेच निघाले. वेगवान जागी मोजलेल्या या वाहिनीत तूट दिसली नाही! एका उदाहरणावरून सिद्धान्त करू नये हे खरे, पण एवढ्या चौकस माणसाने इथे थांबून विचार करायला हवा होता असे आम्हांला राहून राहून वाटते. वेग त्याला दिसत होता. तो मोजायची वस्तू आहे हे मात्र त्याच्या ध्यानी आले नाही.

त्या काळी हे कुणालाच सुचणे शक्य नव्हते, असा बचाव कुणी करील. तो पुरेसा नाही. त्याच शतकात अलेक्झांड्रियाचा हेरॉन या गणितज्ञाने आपल्या एका ग्रंथात स्पष्ट लिहिले होते की झऱ्याचे पाणी किती हे नुसत्या काटछेदावरून कळत नाही, वेगही पाहावा लागतो. त्याने उपायही सांगितला. एक खड्डा खणा, त्यात झरा सोडा आणि सूर्यघड्याळाच्या एका तासात किती पाणी साठते ते मोजा. आमच्या मुलांनी बादली आणि घड्याळ घेऊन केले ते हेच. हेरॉनचे हे म्हणणे फ्रॉन्टिनसच्या कचेरीपर्यंत पोहोचल्याचे त्याच्या पुस्तकात कुठे दिसत नाही. क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे प्रवाह, हा नियम युरोपात व्यवस्थित मांडला गेला तो १६२८ मध्ये, बेनेदेत्तो कास्तेल्ली या गॅलिलिओच्या शिष्याच्या पुस्तकात. भोकातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे तोरिचेल्लीने १६४४ मध्ये प्रसिद्ध केले.

ज्यांना उत्तर देता आले नाही

पुस्तकावरचा आमचा सर्वांत गंभीर आक्षेप भौतिकशास्त्राचा नाही. आरोप ज्यांच्यावर आहे ते कोण होते? फ्रॉन्टिनसच सांगतो की खात्यात ७०० माणसे होती, २४० सार्वजनिक मालकीची आणि ४६० सम्राटाच्या मालकीची. म्हणजे हे गुलाम होते. त्यांत देखरेख करणारे होते, कुंडांचे राखणदार होते, वाहिनीवरून पायी फिरून पाहणी करणारे होते, फरसबंदी करणारे आणि गिलावा करणारे गवंडी होते. पाटात चढणारा चुन्याचा थर खरवडून काढण्याचे काम अशाच कष्टकऱ्यांच्या वाट्याला येणार. तो थर किती कडक होतो हे फ्रॉन्टिनसनेच लिहून ठेवले आहे.

या ७०० जणांत चोर होते हे मान्य. पण सगळ्या हिशेबाची तूट एका घटकाच्या माथी मारताना त्यांचे म्हणणे पुस्तकात एका ओळीनेही येत नाही. वाहिनीवरून रोज चालणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला पाणी कुठे संथ चालते आणि कुठे धावते हे खातेप्रमुखापेक्षा जास्त ठाऊक असणार. त्याला विचारले असते तर कदाचित माप सुधारले असते. हाताखालच्यांच्या सल्ल्यावर चालायचे नाही, या आरंभीच्या बाण्याची ही दुसरी बाजू आहे. दप्तर स्वतः तपासणे हा गुणच आहे. पण ज्यांच्या हाताला काम माहीत आहे त्यांचे ऐकायचेच नाही, हा दोष आहे.

हे सगळे १९०० वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडच्या अनेक नगरपालिकांत मीटर नसलेल्या जोडणीची पाणीपट्टी आजही नळाच्या व्यासावरून ठरते: अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच. हा क्विनारियाच आहे. टाकीजवळच्या आणि सखल भागातल्या घराला त्याच पैशांत तिप्पट पाणी मिळते, आणि उंचावरचे, वाहिनीच्या शेवटचे घर रात्री जागते. बहुधा तिथेच नवी, गरीब वस्ती असते. तूट निघाली की ‘चोरी आणि गळती’ असा एकच रकाना भरला जातो. आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी दोन्हीकडे मीटर लावून मोजल्याशिवाय त्या रकान्याला अर्थ नसतो. तोपर्यंत चावीवाला बदलत राहतो.

वर्गात काय करता येईल

पुस्तक सबंध वाचायला मुलांना द्यावे असे आम्ही म्हणणार नाही. नळांच्या २५ मापांची प्रकरणे रूक्ष आहेत. पण तीन गोष्टी जरूर कराव्यात.

पहिली, आप्पियाचा वरचा हिशेब फळ्यावर मांडावा आणि मुलांना विचारावे की यात काय राहिले. उत्तर लगेच सांगू नये.

दुसरी, प्लॅस्टिकच्या उंच बाटलीला एकाच तापवलेल्या खिळ्याने दोन सारखी भोके पाडावीत, एक पाण्याच्या पातळीपासून ५ सेंटीमीटर खाली, दुसरे २० सेंटीमीटर खाली. वरून पाणी घालत पातळी कायम ठेवावी. दहा सेकंदांत प्रत्येक भोकातून पडलेले पाणी वेगवेगळ्या भांड्यांत घेऊन मोजावे. खोली चौपट म्हणून वेग दुप्पट, म्हणून पाणीही जवळजवळ दुप्पट मिळते. तोंडे मात्र सारखीच. धार किती लांब पडते यावरून निष्कर्ष काढू नये. सर्वांत खालची धार सर्वांत लांब जाते असे चित्र अनेक पुस्तकांत असते, पण बाटली टेबलावर ठेवली तर पाण्याच्या निम्म्या उंचीवरच्या भोकाची धार टेबलावर सर्वांत लांब पडते. खालच्या धारेला वेग जास्त असला तरी पडायला वेळच मिळत नाही.

तिसरी, बादली आणि घड्याळ. आपापल्या घरी, पाणी येण्याच्या वेळेत, बादली भरायला किती सेकंद लागले ते मुलांनी आठवडाभर लिहावे. गावाच्या नकाशावर ते आकडे मांडावेत आणि शेजारी जमिनीचा चढउतार दाखवावा. नकाशा तयार झाला की ज्या माणसाच्या हातात चावी असते त्यालाही वर्गात बोलवावे आणि त्याचे म्हणणे ऐकावे. आमच्या शाळेत तो आला तेव्हा कोणत्या कोपऱ्यावर नळ जुना व गंजलेला आहे आणि कोणती चावी निम्मीच उघडते, हे त्याने मुलांना नकाशावर दाखवले. ती माहिती कुठल्याही दप्तरात नव्हती.

फ्रॉन्टिनसचे पुस्तक आम्ही शाळेच्या ग्रंथालयासाठी मागवले आहे. आप्पियाच्या पानावर मुलांनी कागदाची खूण घातली आहे, आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिले आहे: वेग?